नोंदींची दुसरी जागा

"तिला इचारून काय उपेग? ती 'बघते' म्हणती, अन् मंग दोन दिवस तोंड उघडत न्हाई."

प्लायच्या भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी टेबलाखाली बसून प्रिंटरची वायर शोधत होते. आवाज बेल्ह्याच्या भाऊंचा होता. ते आमच्या द्राक्ष बागायतदार गटाच्या कमिटीत आहेत. 'तिला' म्हणजे मला.

"पण बघून सांगती ते बरोबर असतंय ना," आण्णा म्हणाले. ते गटाचे अध्यक्ष.

"बरोबर असतंय की. पण तवर पावसाळा येतो, राव."

दोघं हसले. मी टेबलाखालीच थांबले. बाहेर आले असते तर मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं, मग कुणीतरी सारवासारव केली असती आणि मला ती ऐकून घ्यावी लागली असती. वायर केव्हाच सापडली होती. खुर्च्या सरकल्याचा आणि जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत ती हातात धरून मी बसून राहिले.

गटाची कचेरी नारायणगावात, शेतीच्या औषधांच्या दुकानावर, दोन खोल्यांत आहे. औषधांचा उग्र वास जिन्याने वर येतो आणि नव्या माणसाला शिंका येतात. माझं काम नोंदी ठेवण्याचं. परदेशात जाणाऱ्या द्राक्षाला फवारणीचा सगळा इतिहास लागतो. कोणत्या दिवशी कोणतं औषध मारलं, किती मारलं, कोणत्या प्लॉटवर. माल उचलणारा आधी ती नोंद बघतो. नोंद नसेल तर घड कितीही टपोरे असोत, बाहेर जात नाहीत. शेतकरी फवारणी झाली की फोनवर बोलून निरोप पाठवतात. त्यात मागे ट्रॅक्टर चालू असतो, कुणी कुत्र्याला हाकलत असतं, कुणी मध्येच "थांब गं, वारं सुटलंय" असं बायकोला सांगत असतं. मी त्यातून औषधाचं नाव आणि प्रमाण उचलते आणि लिहून ठेवते. हे काम मला आवडतं. ऐकायचं असतं, बोलायचं नसतं.

या नोंदी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर नसतात. तो जुना आहे, त्याची डिस्क एकदा गेलेली आहे आणि वीज गेली की तोही जातो. नोंदी असतात भाड्याच्या सर्व्हरवर. एका शहरातल्या मोठ्या मशीनचे कप्पे पाडून एक कंपनी ते भाड्याने देते, त्यातला एक आमचा. याला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. तो आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, पण मोबाइलवर नोंदी दिसतात म्हणजे तो आहे, असं आम्ही धरून चालतो.

तो नसला म्हणजे काय होतं, ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कळलं होतं.

आळ्याच्या काकूंच्या बागेत तोडणी सुरू होती. काकू माझ्या आईच्या वयाच्या. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्याने घरी येतो. बाग त्या एकट्या बघतात. पूर्वी त्यांची फवारणीची वही होती. औषधाच्या हाताने उलटून उलटून तिची पानं एकमेकांना चिकटली होती. ती बंद करायला मीच सांगितलं होतं. "काकू, नुसतं बोलून पाठवत जा, बाकीचं माझ्याकडे." दिवसभर बागेत राबून संध्याकाळी पेन धरायला त्यांना फार जड जायचं. त्या इतक्या खूश झाल्या की दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यातून शेंगोळी आली.

त्या सकाळी माल बघायला आलेल्या माणसाने काकूंच्या प्लॉटच्या नोंदी मागितल्या आणि सर्व्हर बंद होता. कंपनीकडे विचारलं की एकच उत्तर यायचं, काम सुरू आहे. भरलेले क्रेट शेडच्या सावलीत लावून ठेवले होते. काकू एका पालथ्या क्रेटवर बसून दर थोड्या वेळाने मला फोन करत.

"आलं का गं?"

"नाही काकू."

चार-पाच फोननंतर त्यांनी विचारणं सोडलं. नुसतं "हं?" म्हणायच्या, मी "नाही" म्हणायचे. दुपारी चारच्या सुमारास सर्व्हर परत आला. तोवर देठ सुकायला लागले होते. माल गेला, पण बरेचसे क्रेट त्या माणसाने बाजूला काढले. वही असती तर सकाळीच दाखवता आली असती, हे काकू मला बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पण ते आमच्या दोघींमध्ये तसंच राहिलं, सांडलेलं पाणी कुणीच पुसू नये तसं.

म्हणून कमिटीने ठरवलं की नोंदींची एक प्रत दुसरीकडेही ठेवायची, दुसरा सर्व्हर घ्यायचा. कुठून घ्यायचा ते मी सांगायचं. मी अर्थातच "बघते" म्हणाले.

आणि खरंच बघितलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, असल्या गोष्टींचा विचार मला इंग्रजीतच सुचतो. डायरीच्या एका पानावर मी काय काय हवं ते लिहीत गेले. त्याच कंपनीचा दुसरा कप्पा घेणं सर्वांत सोपं होतं. पण कंपनीच बंद पडली तर दोन्ही जातील, म्हणजे कंपनी वेगळी हवी. शहरही वेगळं हवं. एका ठिकाणी पाणी शिरलं, आग लागली, वीज गेली, तरी दुसरीकडे नोंदी शाबूत राहायला हव्यात. आणि तिथून त्या परत काढून घेता यायला हव्यात. नुसत्या जाऊन पडून राहणार असतील तर काय उपयोग? हैदराबादची एक कंपनी मला बरी वाटली. तिला मी मुद्दाम रविवारी एक प्रश्न पाठवून बघितला, की तुमचं मशीन नेमकं कुठे आहे? सोमवारी दुपारी दोन ओळींचं उत्तर आलं. कोणत्या भागात, कोणत्या इमारतीत, वीज गेली तर काय सोय. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला ते उत्तर फार आवडलं.

कमिटीला नाही आवडलं.

"हैदराबाद?" बेल्ह्याचे भाऊ म्हणाले. "तिथं आपलं कोण हाये?"

"कुणी असायची गरज नाही," मी म्हणाले. बहुधा फारच हळू.

"काय म्हणती?"

"काही नाही."

मग आण्णांनी पुण्यातल्या पावण्यांचं नाव काढलं. त्यांच्या धाकट्या सुनेचे भाऊ. हेच काम करतात, सर्व्हर देतात, सांभाळतात. "फोन केला का पहिल्या रिंगला उचलत्यात. मराठीत बोलत्यात. आन् काय पायजे?" सगळ्यांनी माना हलवल्या. विषय मिटला. आमच्याकडे बी-बियाणं असो, मुलगी असो की मोटार, चौकशीची सुरुवात 'कुणाकडून' इथून होते आणि तिथंच संपते. मला यात चूक दिसत नाही. माझी ही नोकरीसुद्धा अशीच लागली आहे.

पावणे आले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील, तरी मला ताई म्हणाले. दोन तासांत त्यांनी सगळं जोडून दिलं, नोंदींची प्रत रोज आपोआप तिकडे जाईल अशी सोय करून दिली आणि मला ती समजावूनही सांगितली. कामाचा माणूस होता. माझ्या डायरीच्या पानावर फक्त एक प्रश्न शिल्लक होता, मशीन कुठे आहे? पण शेजारी आण्णा बसलेले, खालून चहा आलेला. सुनेच्या भावाला त्यांच्यासमोर असं विचारणं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही म्हणण्यासारखंच झालं असतं. मी कप धुवायला उठले.

संध्याकाळी मेसेज करून विचारलं. उत्तर आलं, "काळजी करू नका ताई, सगळं सेफ आहे. आपलंच आहे." पुढे जोडलेले हात.

हे उत्तर नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तेवढी मी हुशार आहे. पण पुन्हा विचारायला जे लागतं ते माझ्याकडे नव्हतं. पुढच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं, "आता आपल्या नोंदी दोन ठिकाणी आहेत." त्या मीटिंगमधलं माझं तेवढं एकच वाक्य. काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "मंग आता घोर न्हाई ना गं?" मी म्हणाले, "नाही."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ऑक्टोबरच्या छाटण्या झाल्या आणि फवारण्या सुरू झाल्या. छाटणीनंतरचे पहिले चाळीसेक दिवस फार नाजूक असतात. डावनी रोग एका ढगाळ सकाळीत बाग खातो, म्हणून एक दिवसाआड औषध असतं. वर्षातल्या सर्वांत जास्त नोंदी याच दिवसांतल्या. अशाच एका दिवशी पहिल्या कंपनीचं पत्र आलं की येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी इमारतीतल्या विजेचं काम आहे, सर्व्हर सकाळपासून दुपारपर्यंत बंद राहतील. मला काळजी वाटली नाही. यासाठीच तर दुसरा घेतला होता.

दुसऱ्या दिवशी पावण्यांचं पत्र आलं. मराठीत, सुरुवातीला नमस्कार. रविवार तोच. वेळ तीच. कारण तेच. त्यांनी पहिल्या कंपनीचं पत्र भाषांतर करून पुढे पाठवलं होतं आणि तळाशी असलेली कंपनीच्या नावाची ओळ काढायला विसरले होते.

मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. मग दोन्ही सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहेत ते शोधलं. हे शोधायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं माझ्याकडे उन्हाळ्यातही होती. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच इमारतीतले. पावण्यांनी तिथं एक मोठा कप्पा घेतला होता आणि त्याचे छोटे कप्पे करून आमच्यासारख्यांना दिले होते. त्यांनी फसवलं नव्हतं. या धंद्यात असं सर्रास चालतं. मशीन वेगळ्या ठिकाणी आहे, असं ते कधी म्हणालेच नव्हते. ते मी म्हणाले होते.

त्या दुपारी मी सगळ्या नोंदी कचेरीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. त्याचा भरवसा नव्हता, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. मग मनात आलं, गुपचूप हैदराबादला खातं उघडावं आणि सगळं तिकडे हलवावं. कुणाला कळणार? पण गटाच्या नावाने काही घ्यायचं तर आण्णांची सही लागते, आणि सही मागितली की कारण सांगावं लागतं. कारण सांगायचं म्हणजे सुनेच्या माहेरचं नाव घ्यायचं. मी अर्ज भरून ठेवला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. तीन दिवस तो तिथेच होता.

त्या शनिवारी वडिलांबरोबर चुलत्यांकडे गेले. आमच्या घरात मेंढ्या होत्या. वडिलांनी सोडल्या, धाकट्या चुलत्यांनी ठेवल्या. दिवाळीनंतर ते कळप घेऊन घाट उतरून कोकणात जातात. तोवर बेल्ह्याच्या बाजूला कुणाकुणाच्या मोकळ्या रानात कळप बसवतात. शेताला खत मिळतं, मेंढ्यांना चारा. आम्ही पीठ आणि मेंढ्यांची औषधं घेऊन गेलो होतो. बाजरी काढलेल्या रानात जाळी लावलेली होती. चुलते वडिलांना सांगत होते,

"हितल्या पावण्यांनी सांगावा धाडला व्हता, आमच्या रानात बसवा म्हणून. न्हाई म्हणलो."

"का रं? त्यांच्याकडं पाणी हाये की."

"पाणी लई हाये. पण पावण्याच्या रानात मी कळप न्हाई बसवत. परक्याला इचारता येतं. आधी कुणाची मेंढरं बसून गेली, त्यात रोग व्हता का, पिकावर औषध कधी मारलं. त्यो सांगतो, न्हाई पटलं तर आपण फुडं जातो. पावण्याला कसं इचारणार? इचारलं तर म्हणतो, आमच्यावं भरवसा न्हाई का. न्हाई इचारलं तर मेंढी मरती."

"म्हंजे पावण्याकडं तू नुसता जेवायला जातो."

"जेवायला जातो की. दोनदा जातो."

वडील खोकला येईपर्यंत हसले. चुलत्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिला काय झालं? हिला च्या द्या आधी."

मला काही झालं नव्हतं. मी जाळीला टेकलेल्या एका मेंढीकडे बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचं की चुलते जरा विक्षिप्त आहेत, नातेवाइकांपासून फटकून वागतात. तसं नव्हतं. कुठे प्रश्न विचारता येतो आणि कुठे येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ज्यावर घर चालतं ते विचारता न येणाऱ्या जागी कधी ठेवत नव्हते. त्यामुळे त्यांचा कळप धड होता आणि पावण्यांकडचं जेवणही. माझी सगळी शाळा, डायरीतलं ते इंग्रजी पान, हे सगळं असून मी नेमकं उलटं केलं होतं. आणि माझ्याकडच्या मेंढ्या, म्हणजे त्या नोंदी, तर माझ्याही नव्हत्या. काकूंच्या होत्या.

सोमवारी पॅक हाऊसच्या शेडमध्ये हंगामाची पहिली सभा होती. नवे सभासद आले होते, आंबेगावच्या बाजूचे दहा-बारा जण. मी लवकर गेले. आण्णा टेबलावर शाली आणि नारळ मांडत होते.

"आण्णा, जरा बोलायचं होतं."

"कार्यक्रम झाल्यावं बोलू, पोरी. पावणे निघालेत पुण्याहून. चाकणपतुर आलेत."

तेव्हा कळलं की शाल पावण्यांसाठी होती. दुसरा सर्व्हर दिल्याबद्दल त्यांचा सत्कार होता.

मी शेवटच्या रांगेत बसले. पावणे आले, लाजत शाल घेतली, टोपी घातली, नारळ कुठे ठेवावा ते न कळून मांडीवर ठेवला. मला त्यांचा राग आला नाही, उलट त्यांच्या जागी आपण असतो तर, असंच वाटत राहिलं. आण्णा उभे राहिले. मागच्या फेब्रुवारीत काय झालं ते त्यांनी नव्या लोकांना सांगितलं, काकूंकडे हात करून. आता तसं व्हायचं नाही, म्हणाले. "आपल्या नोंदी आता दोन ठिकाणी हायेत. एक बंद पडलं तर दुसरं हाये. नव्या लोकांनी वह्या घरी ठिवल्या तरी चालतील. नुसतं बोला, फोन बंद करा, बागेत जा."

माझ्या पुढच्या रांगेत काकू होत्या. त्यांच्या शेजारी आंबेगावकडची एक नवीन बाई, मांडीवर पिशवी, पिशवीतून वहीचा कोपरा बाहेर आलेला. काकूंनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "ती वही टाकून दे बाई. मी दोन वर्सं झाली हात लावला न्हाई. आपली पोरगी हाये ना तिथं." आणि मान वळवून त्यांनी मला दाखवलं. ती बाई माझ्याकडे बघून हसली आणि वही पिशवीत आत सारली.

आण्णा म्हणाले, "आमच्या मॅडम आता आभार मानतील."

"मॅडम कशाच्या आभार मानत्यात," बेल्ह्याचे भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. "तुमीच माना अन् जेवाय सोडा."

शेडमध्ये हशा पिकला. दरवर्षी या ठिकाणी मी हसून मान हलवते आणि आण्णा आभार मानून टाकतात. सगळ्यांनी उठायला सुरुवातही केली होती. मी उभी राहिले. माइकपर्यंत गेले नाही. तेवढं चालले असते तर परत बसले असते. तिथूनच बोलले, आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"आण्णा, थांबा. कुणी वह्या बंद करू नका. आपल्या नोंदी दोन ठिकाणी नाहीत. दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत आहेत, आणि येत्या रविवारी दोन्ही एकदम बंद राहणार आहेत. यात पावण्यांचा दोष नाही. मशीन कुठे आहे ते त्यांना तोंडावर विचारायचं काम माझं होतं, मी विचारलं नाही, आणि न विचारता तुम्हा सगळ्यांना दोन ठिकाणी आहे म्हणून सांगितलं. हैदराबादचा अर्ज मी भरून ठेवलाय, त्यावर आज तुमची सही पाहिजे. आणि काकू, छाटणीपासूनच्या तुमच्या सगळ्या फवारण्या मी संध्याकाळपर्यंत छापून देते. त्या घरी ठेवा, आणि उद्याची फवारणी वहीत लिहा."